विटेचा दगड

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मे महिना होता. भर दुपारी गावाहून दादाचा फोन आला. दुपारी अडीच ही आमच्या दादाची झोपेची वेळ, त्यामुळे फोनवर त्याचं नाव पाहून माझ्या पोटात धस्स झालं. पण तो म्हणाला, ‘‘सगळं बरं आहे इकडे. तू भूगोलाची बाई ना? मग मला सांग, लॅटराइट म्हणजे काय गो?’’

‘‘कुठे वाचलंस?’’

‘‘आपल्या सड्याचा कागद आलाय. इंग्रजीत आहे. अप्पांच्या वेळेपासून सातबाऱ्यावर नुसता पोटखराबा आहे. मग हे लॅटराइट मध्येच कुठून निघालं? काही धातू-बितू सापडला की काय आपल्या जमिनीत?’’

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. ज्यांनी कोकणातले सडे पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या डोक्यावर मैलभर पसरलेलं सपाट, काळं, उघडंबोडकं कातळाचं मैदान म्हणजे सडा. त्यातली सात एकर आमची. अप्पा गेल्यावर त्यावर दादाचं, माझं आणि धाकट्या बहिणीचं नाव लागलं. चिरेखाणीसाठी एकाने ती जमीन मागितली होती, मोजणी आणि पाहणी करून घेतली होती, आणि त्या पाहणीच्या कागदात हा शब्द होता.

मी म्हटलं, ‘‘दादा, लॅटराइट म्हणजे जांभा. आत्ता तू ज्या जोत्यावर बसून बोलतो आहेस ना, तेच.’’

‘‘एवढंच?’’ असं म्हणून त्याने फोन ठेवला.

ते ‘एवढंच’ मला लागलं. बत्तीस वर्षं मी शाळेत हा शब्द शिकवला. ‘जांभी मृदा कशी तयार होते?’ हा दोन गुणांचा प्रश्न. मुलं उत्तर पाठ करत, मी खुणा करत असे. पण हा शब्द आला कुठून, हे मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर कित्येक वर्षं मला वाटायचं, की ‘लॅटरल’ म्हणजे बाजूचा, त्यावरून हा शब्द झाला असणार, आडवा पसरतो म्हणून. एका मुलाने विचारलं तेव्हा मी तसं ठोकून दिलंही होतं. तो मुलगा आज हे ऐकत असेल तर त्याने कान पकडून घ्यावेत, स्वतःचे नव्हे, माझे.

गंमत अशी, की चूक अगदीच खुळी नव्हती. लॅटिनमध्ये बाजूसाठी ‘लॅटुस’ आणि विटेसाठी ‘लॅटेर’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि षष्ठीत दोघांचंही रूप ‘लॅटेरिस’ असंच होतं. आपला दगड दुसऱ्या घरातला. लॅटराइट म्हणजे विटेचा दगड.

आणि हे नाव युरोपात बसून कुणी ठेवलेलं नाही. ते आपल्याच किनाऱ्यावर, कोकणाच्या दक्षिणेला, मलबारात ठेवलं गेलं. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीच्या हाताखाली आला. गव्हर्नर जनरल वेलस्लीला जाणून घ्यायचं होतं, की मिळालेल्या मुलखात पिकतं काय, विकतं काय, माणसं कशी राहतात. त्यासाठी त्याने फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश डॉक्टरला धाडलं. धंद्याने वैद्य, पण जीव वनस्पतींत आणि पुढे माशांतही. १८०० च्या एप्रिलात हा गृहस्थ मद्रासहून निघाला आणि दिसेल ते लिहीत गेला. नांगर कसा, तेलाचा घाणा कसा, गूळ कसा होतो, कुठल्या जातीचे लोक काय खातात. १८०७ साली लंडनला त्याचे तीन जाडजूड खंड छापले गेले. वाचायला कंटाळवाणे आहेत, पण मध्येच एखादं पान असं येतं, की माणूस सरसावून बसतो.

तसं एक पान अंगडिपुरमचं आहे. हे आजच्या केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातलं गाव. १८०० साल संपता संपता ब्यूकॅनन तिथे पोचला आणि तिथला दगड पाहून थबकला. त्याने नोंदलं आहे ते असं: हा दगड थरांचा नाही, प्रचंड राशींनी पडलेला आहे, सच्छिद्र आहे, त्यात पिवळ्या-तांबड्या गेरूच्या रूपात लोखंड आहे. जमिनीत असतो तोवर इतका मऊ, की टिकावाने चौकोनी तुकडे पाडायचे आणि लगेच थापीने किंवा मोठ्या सुरीने हवा तसा आकार द्यायचा. एकदा हवेवर आला की थोड्याच काळात विटेसारखा कठीण होतो, आणि पाऊस-वारा तर त्याने हिंदुस्थानात पाहिलेल्या कुठल्याही विटेपेक्षा जास्त सोसतो.

मग त्याने स्थानिक लोकांना नाव विचारलं. मला हा माणूस आवडला तो इथे. त्याला दोन प्रकारची नावं मिळाली. काही बोलींत त्याला ‘इटिका कल्लु’ म्हणत, म्हणजे विटेचा दगड. तमिळमध्ये मात्र दुसरंच नाव मिळालं, खरजेचा दगड. कारण वरची माती वाहून गेली की हा दगड उघड्यावर काळा पडतो आणि भोकाभोकांमुळे कातडीचा रोग झालेल्या माणसाच्या अंगासारखा दिसतो. आमचा सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नाव लगेच पटेल. ब्यूकॅननसमोर दोन्ही नावं होती. त्याने विटेचं उचललं, त्याचं लॅटिन केलं, आणि शास्त्राला शब्द मिळाला. त्याने दुसरं उचललं असतं तर आम्ही बत्तीस वर्षं मुलांना ‘खरजी मृदा’ शिकवली असती. अंगडिपुरमला या नामकरणाचं स्मारक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते १९७९ साली उभारलं. एका शब्दाचं स्मारक मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

‘इटिका’ हा शब्द मूळचा कुठला? आपल्या संस्कृत ‘इष्टका’चा. तिच्यापासूनच कानडी ‘इट्टिगे’ आली आणि मराठी ‘वीट’ही. म्हणजे आपलीच वीट लॅटिनचा अंगरखा घालून, इंग्रजीच्या बोटीत बसून परत आली आणि दादाच्या कागदावर उतरली.

पुढे या शब्दाचे फार हाल झाले. ब्यूकॅननने नाव दिलं होतं एका कामाच्या दगडाला, ज्याची खूण एकच: मऊ असताना कापता येतो आणि मग घट्ट होतो. नंतर जगभरातले भूवैज्ञानिक उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही तांबड्या मातीला, कुठल्याही लोहयुक्त खडकाला लॅटराइट म्हणू लागले. कुणी म्हणे खडक, कुणी म्हणे माती, कुणी म्हणे प्रक्रिया. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले फर्मर इतके वैतागले, की १९११ साली त्यांनी ‘लॅटराइट म्हणजे काय?’ याच मथळ्याचा लेख लिहिला. दादाचा प्रश्न मग अगदीच अडाणी नव्हता म्हणायचा! शेवटी अमेरिकेतल्या मृदाशास्त्रज्ञांनी हा शब्दच बाजूला ठेवला आणि मातीतल्या या लोहयुक्त, वाळल्यावर कायमच्या घट्ट होणाऱ्या भागासाठी ‘प्लिंथाइट’ असा नवा शब्द घडवला. तो कशावरून? ग्रीक ‘प्लिंथॉस’वरून. आणि ‘प्लिंथॉस’ म्हणजे... वीट. इंजिनिअर लोक घराच्या जोत्याला प्लिंथ म्हणतात तो हाच शब्द. पंडितांनी एवढी पायपीट केली आणि पुन्हा अंगडिपुरमच्या गवंड्यापाशीच येऊन पोचले.

आता दादाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, धातूच्या. त्याने विचारलं तेव्हा मला हसू आलं होतं, पण त्याचं फारसं चुकलं नव्हतं. तूप कढवताना काय होतं ते घरातल्या बायकांना सांगायला नको. पाणी जातं, तूप ओतून घेतलं जातं, तळाशी बेरी राहते. जांभा ही डोंगराची बेरी आहे. आमच्याकडे मुळात काळा बसाल्ट, केरळात वेगळ्या जातीचा खडक. त्यावर लाखो वर्षं पाऊस पडतो, मुरतो, उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते, पुन्हा वर येते. या येरझारांत खडकातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश आणि बरीचशी सिलिका विरघळून निघून जाते. सहजी न विरघळणारे लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. ओल्या जांभ्यात ही संयुगं अजून सैलसर असतात. चिरा वाळला की त्यांचं स्फटिकांचं जाळं आवळत जातं आणि दगड घट्ट होतो. जिथे लोखंड कमी आणि ॲल्युमिनियम भरपूर उरतं, तिथे त्याच बेरीला बॉक्साइट म्हणतात, फ्रान्समधल्या ले बो नावाच्या गावावरून. कोकणात बॉक्साइटच्या खाणी आहेतच. कायद्याने बॉक्साइट प्रमुख खनिज आणि बांधकामाचा चिरा गौण खनिज. भावंडंच, पण एकाची वरात आणि एकाची वेठ.

आमचं घर अप्पांनी १९६८ साली बांधलं तेव्हा मी लहान होते, पण चिरे काढायला आलेली माणसं मला नीट आठवतात. यंत्र नव्हतं. कुदळीने आणि टिकावाने चर पाडायचे, पहारीने तळ सोडवायचा आणि चिरा उचलून कडेला ठेवायचा. मग तासणारा बसायचा. ताज्या चिऱ्याला एक ओला, गार वास असतो, गंजासारखा. आम्ही मुलं नखाने त्यावर आपापली नावं कोरायचो आणि अप्पा ओरडायचे, कारण महिनाभराने ती नावं पुसता येत नसत. आजही मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, माझं नाव आहे. त्यातला एक काना राहिला आहे.

या दगडाचा एक स्वभाव जाता जाता सांगायला हवा. तो घट्ट होतो, पण भोकं बुजत नाहीत. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च आज तांबड्या जांभ्याचं उघडं दिसतं आणि लोक त्याचे फोटो काढतात. पण १६०५ साली ते पुरं झालं तेव्हा त्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून पावसाचं पाणी भिंतींत शिरतं आहे. आमच्या गवंड्याला कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

असो. दादाने मला त्या कागदाचा फोटो पाठवला. तो वाचला तेव्हा मला खटकला तो लॅटराइट नव्हे, त्याच्या शेजारचा शब्द. लिहिलं होतं, ‘लॅटराइट वेस्टलँड’. पडीक, टाकाऊ जमीन. सातबाऱ्यावरचा पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, एवढंच. त्यात निदान शेतकऱ्याचा हिशोब तरी आहे. पण ‘वेस्ट’ म्हटलं की जमीन कुणाच्याच कामाची नाही, असा अर्थ होतो. आणि जी कुणाच्या कामाची नाही ती खणून टाकायला कुणाची हरकत असणार?

मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावी गेले. पाऊस लागून पाच-सहा दिवस झाले होते. दादा म्हणाला, ‘‘चल, तुझं लॅटराइट बघून येऊ.’’ आम्ही दोघं वर गेलो. मे महिन्यात पाय भाजणाऱ्या त्या कातळाच्या खाचांतून दिपकाडीची पांढरी फुलं वर आली होती. ही जात कोकणातल्या अशाच सड्यांवर वाढते. अजून महिन्या-दोन महिन्यांनी गेंद आणि सीतेची आसवं आली असती. सीतेची आसवं म्हणजे ती निळी, इवलीशी. मातीत खायला काही नसल्यामुळे ती झाडं बारीक किडे धरून खातात. साताऱ्याच्या कास पठारावर हीच फुलं पाहायला लोक गाड्या भरून जातात. तेही जांभ्याचंच पठार, फक्त उंचावरचं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. आमच्याच तालुक्यात कशेळीच्या सड्यावर प्राचीन माणसाने सुमारे अठरा मीटरचा हत्ती कोरून ठेवला आहे. अशा कातळशिल्पांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. आमच्या सात एकरांत हत्ती नाही. मी नीट पाहिलं. दादा हसत होता.

पण आमच्या सात एकरांत एक झरा आहे. म्हणजे झरा सड्याखाली, वाडीच्या वरच्या अंगाला आहे, पण पाणी सड्याचं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस त्या कातळावर पडतो, त्यातला काही भोकांतून आणि भेगांतून खाली मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि सडा जिथे संपतो तिथे बाहेर येतो. नळ आले तरी एप्रिल-मे मध्ये वाडी त्या झऱ्यावरच असते. चिरे काढायचे म्हणजे पाणी धरणारा तो थरच कापून ट्रकमध्ये भरायचा. हे मी दादाला सांगत होते, अगदी वर्गात सांगावं तसं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘हे मला ठाऊक नाही असं वाटतं काय तुला? मी त्या झऱ्याचं पाणी प्यालोय. पण पोरीच्या कॉलेजचे पैसे झऱ्यातून येत नाहीत. आणि घराला हौसेने चिरे लागतात सगळ्यांना, तुलाही लागले. ते कुणाच्या तरी सड्यातूनच येतात ना?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात बसून सडा वाचवणं सोपं आहे. आमची धाकटी फोनवर होती, ती एवढंच म्हणाली, ‘‘दादाला काय करायचं ते करू दे. सही मी कुठेही करीन.’’ वहिनीने मात्र चहा देता देता विचारलं, ‘‘सगळाच द्यायला हवा का?’’ बत्तीस वर्षं शिकवूनही मला हे सुचलं नव्हतं.

मग दादा आणि मी दोन दिवस सडा हिंडलो. पाणी कुठे उभं राहतं, कुठे खाली जातं, पऱ्ह्याला कुठून मिळतं. त्याला ते सगळं माहीत होतं, मी फक्त वहीत लिहीत होते. शेवटी रस्त्याच्या बाजूचे दोन एकर द्यायचे ठरले. त्या बाजूचा उतार वाडीकडे नाही, पलीकडे आहे. घेणारा कुरकुरला, भाव पाडून मागितला, पण घेतले. उरलेले पाच एकर आमच्या नावावर आहेत. कागदावर अजून पोटखराबाच लिहिलेलं आहे. तो शब्द बदलण्यासाठी दादाने एक अर्ज केला होता. ‘मग काय लिहायचं?’ असं त्यालाच विचारण्यात आलं आणि त्याला काही सांगता आलं नाही. त्याने मला फोन केला. मलाही चटकन सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी गेले तेव्हा खाण पाहिली. दोन पुरुष खोल चौकोनी खड्डा, यंत्राने कापलेल्या गुळगुळीत भिंती, तळाशी थोडं तांबडं पाणी. कडेला चिऱ्यांच्या थप्प्या. एक ताजा चिरा होता, त्यावर मी नख ओढून पाहिलं. रेघ उमटली.

आमच्या गोठ्यामागचा गडगा त्या पावसात ढासळला होता. दादाने त्यासाठी दीडशे चिरे मागवले, त्याच खाणीतून. घेणाऱ्याने पूर्ण भाव लावला, वर ट्रकचं भाडं वेगळं. दादा पावती बघत म्हणाला, ‘‘बाय, आपलाच वेस्ट बघ केवढ्याला पडला.’’